बिनमिठाचं ताक

दादाचा धारहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. म्हणाला, अप्पांची मोटरसायकल पाठवतोय, राजगढहून लसूण भरून निघालेला एक टेम्पो आहे, त्यात कोपऱ्यात जागा आहे. मी म्हटलं, मला विचारलंस का? तो म्हणाला, तुला कशाला विचारू, भाऊजींसाठी पाठवतोय, त्यांचा वेळ जाईल. माझ्या थोरल्या भावाची ही सवय जुनीच. आधी करायचं, मग कळवायचं, आणि वर उपकार केल्यासारखं हसायचं.

संध्याकाळी टेम्पो देवासला आमच्या दारात उभा राहिला. दोघांनी मिळून मोटरसायकल उतरवली. टायर बसलेले, सीट उंदरांनी खाल्लेली, सगळ्या अंगाला लसणाचा वास. एकाने किकवर पाय ठेवून जोर लावला, किक तसूभर हलली नाही. "जाम है, आंटी," असं मला सांगून तो निघून गेला. मला डोळे नसावेत असं त्याला वाटलं असेल.

हे वर्कशॉपच्या दारात उभे होते. आमचं वर्कशॉप म्हणजे घराचीच पुढची खोली. शटर उचललं की रस्ता, मागचं दार उघडलं की माझं स्वयंपाकघर. हे चार पावलं पुढे आले, टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मांडूच्या घाटात बंद पडली होती ना ही?"

बंद पडली होती खरी. माझे वडील, अप्पा, मांडूहून येत होते आणि घाटातच तिने मान टाकली होती. पण ती गोष्ट माझ्या लग्नाच्याही आधीची. त्यानंतर ती पंचवीसेक वर्षं धावली, अप्पा गेले, आणि तेव्हापासून धारला मागच्या पडवीत नुसती उभी होती. म्हणजे ह्यांना जे आठवलं ते बरोबर आठवलं की चुकीचं? मला काही ठरवता येईना. मी म्हटलं, हो, घाटातच. मग आत जाऊन भाजीला फोडणी घातली.

हल्ली माझं असंच होतं. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी एक पाना हातात धरून मला विचारलं होतं, हा कशाचा? मी थट्टा समजले. मग पोहे खाऊन उठल्यावर, आज पोहे कधी देणार, असं विचारू लागले. इंदूरच्या डॉक्टरांनी कागद पुढे करून घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी सुरेख गोल काढला, वरच्या बाजूला एकच रेघ मारली आणि म्हणाले, टायमिंगची खूण इथे असते. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. मी तीस वर्षं शाळेत गणिताचे पेपर तपासले, पण त्या उत्तराला किती मार्क द्यायचे ते मला आजही कळलेलं नाही. घड्याळ म्हणून शून्य. इंजिनाचं चाक म्हणून पैकीच्या पैकी.

आणि खरी अडचण अशी, की ह्यांचे इलाज पहिल्यापासूनच असे. गंजलेला नट निघत नसेल तर हे तो तापवायचे आणि त्याला मेणबत्ती टेकवायचे. मेण वितळून आट्यांत शिरतं आणि नट लोण्यासारखा फिरतो. आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या भोकात एखादा बुश, धातूच्या नळीचा तुकडा, अडकला, की हे मागच्या दाराने माझ्या स्वयंपाकघरात यायचे आणि परातीतली मळलेली कणीक उचलून न्यायचे. ती भोकात ठासायची, वर घट्ट बसेल अशी सळई घालायची आणि हातोडी मारायची. कणकेला जायला दुसरी वाट नसते, म्हणून तीच बुशला मागून ढकलून बाहेर काढते. मी कितीदा म्हटलं, निदान पोळ्या झाल्यावर तरी या. पण गिऱ्हाईक दारात उभं असताना ह्यांना पोळ्या कुठल्या दिसायला.

वेळ मोजायची रीतही ह्यांची स्वतःचीच. कन्नौदच्या एका धान्यवाल्याची जीप एकदा आली होती, इंजिन पार बसलेलं, म्हणजे आतून जाम. ह्यांनी इंजिनाखाली निखारे ठेवले आणि त्याला सांगितलं, "भिया, जरा टेकरी चढके आओ, माताजी के दर्शन कर लो. उतरोगे तब तक छूट जाएगा." तो दर्शन करून आला आणि खरंच इंजिन सुटलं होतं. तो शेवटपर्यंत हा माताजीचाच चमत्कार समजत राहिला. हे मात्र टेकरी चढून उतरायला लागणारा वेळ धरून चालले होते. सवा तास. पुढे आमच्या घरात ते मापच झालं. वरण अर्धी टेकरी शिजू दे. पाहुणे दोन टेकऱ्यांत पोचतील.

आता सांगा, असा माणूस जेव्हा खरोखर चळायला लागतो तेव्हा बायकोने ते ओळखायचं कशावरून? उद्या हे म्हणाले की कार्ब्युरेटरमध्ये साबुदाणा घाल, तर तो आजार की हुशारी? शहाण्याचं वेड आणि वेड्याचं वेड, दोन्ही एकाच गणवेशात येतात.

आमच्या पुण्याच्या मुलाला मात्र हा प्रश्न पडत नाही. त्याचं म्हणणं साधं आहे. शटर मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यायचं, घर बंद करायचं आणि दोघांनी त्याच्याकडे यायचं. मी टाळत होते. पण मागच्या महिन्यात ह्यांनी रॉकेलची बाटली पाण्याच्या बाटल्यांत नेऊन ठेवली. मी तोंडाला लावणार एवढ्यात वास आला, म्हणून वाचले. हे मी मुलाला सांगायला नको होतं, पण सांगून बसले. त्यानंतर त्याने एकच धोशा लावला, आई, आता डिसाइड कर.

म्हणून मोटरसायकल आली त्या रात्री मी फोनवर त्याच्याशी एक करार केला. शनिवारपर्यंत बाबांनी हे इंजिन आपल्या डोक्याने आणि आपल्या हाताने सोडवलं, तर पुढच्या दिवाळीपर्यंत पुण्याचा विषय काढायचा नाही. नाही सुटलं, तर मी स्वतः सामान बांधते.

"आई, हे कुठलं लॉजिक झालं?" तो म्हणाला.

मी म्हटलं, गणिताच्या बाईचं. खरं सांगायचं तर त्यात कसलंच लॉजिक नव्हतं. मला कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, आणि डॉक्टर देत नव्हते.

गुरुवारी सकाळी ह्यांनी शटर उचललं आणि कामाला बसले. मी मागच्या दारात स्टूल टाकून बसले, निवडायला तांदूळ घेतले. तांदूळ स्वच्छ होते. ह्यांच्या हातांना सगळं आठवत होतं. कुठला नट आधी, कुठला नंतर, काढलेले नट कुठल्या क्रमाने पेपरावर मांडायचे, सगळं. वरचं झाकण निघालं आणि आत पिस्टनचा माथा दिसला, तांबूस, गंजाने भिंतीला चिकटलेला. ह्यांनी नख फिरवून पाहिलं, वास घेतला. मग म्हणाले, फार नाही, निघेल. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागे वळून त्यांनी मला विचारलं, "मला इथे बोलावलं कोणी?"

मी म्हटलं, दादाने. ते म्हणाले, असं होय. आणि हातातल्या फडक्याने तोच नट पुन्हा पुसू लागले.

दुपारी जेवून हे झोपले आणि मी समोरच्या स्पेअर पार्टवाल्याकडे गेले. तो ह्यांना गुरू मानतो. पण गुरूला मानणं वेगळं आणि गुरूचं ऐकणं वेगळं. म्हणाला, भाभीजी, कणीक-मेणबत्तीचा जमाना गेला, ये स्प्रे मारो, पंद्रह मिनिट में छूट जाएगा. मी स्प्रेचा डबा पदराखाली घालून आणला, वर्कशॉपमध्ये गेले आणि पिस्टनच्या कडेने गोल फिरवून सगळा रिकामा केला. का केलं? मलाच ठाऊक नाही. मला पुण्याला जायचं नव्हतं, हे एक. आणि ह्यांनी नापास होऊ नये, हे दुसरं. पण परीक्षकच वर्गात शिरून मुलाचा पेपर सोडवू लागली, तर त्या परीक्षेला काय अर्थ राहिला? पंधरा मिनिटं थांबून किक दाबून पाहिली. ढिम्म.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी आत वाकून वास घेतला आणि म्हणाले, कोणीतरी औषध मारलंय. मी तांदळात तोंड घातलं. ह्यांनी ते सगळं फडक्याने टिपून काढलं, आणि मग मला एकेक सांगायला सुरुवात केली. दोन-चार कंडे हवेत. घरातलं मुसळ हवं. लोटाभर ताक हवं, आंबट झालेलं.

"आणि अप्पांना विचारून ये," ते म्हणाले, "दुपारी मी इथेच थांबलो तर चालेल का."

चार गोष्टी. अप्पांना जाऊन बारा वर्षं झाली. मग उरलेल्या तीन कुठल्या दुनियेतल्या? कंडे म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, त्या शेक द्यायला लागतात, हे मला माहीत होतं. मुसळही समजू शकत होते. पण ताक? ताक हवं होतं ते इंजिनाला की ह्यांना, आणि आज की सदतीस वर्षांपूर्वी? कारण लोटाभर आंबट ताक ह्यांनी माझ्याकडे याआधीही एकदा मागितलं होतं, आणि तेही ह्याच इंजिनासाठी. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांची, धारला माहेरी. आमचं घराणं दरबारातलं. दरबार गेला, पण त्याच्या सवयी आमच्या घरातून जायला तयार नव्हत्या. त्यातली एक अशी, की घरी कामाला आलेल्या माणसाच्या पोटात आधी आपल्या घरचं मीठ गेलं पाहिजे, मग त्याने हत्याराला हात लावायचा. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो, अशी आईची ठाम समजूत होती. सुतार असो, गवंडी असो, आधी भाजी-भाकरी, नाहीतर निदान मीठ घातलेलं ताक. नुसता चहा दिलेला आईला चालत नसे, कारण चहात मीठ नसतं.

मांडूच्या घाटात बंद पडलेली मोटरसायकल अप्पांनी बैलगाडीत घालून आणली होती. पुढे अख्खा पावसाळा ती उघड्यावर राहिली आणि इंजिन बसलं. धारच्या दोन कारागिरांनी हात टेकले. मग कोणीतरी सांगितलं, देवासला एक तरुण आहे, त्याचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेले लोहार, त्याला बोलवा. तो बसने आला, खांद्याला पिशवी. अप्पांशी दोन शब्द बोलला आणि अंगणात कामाला बसला. इंजिनाचं झाकण काढलं आणि दारात उभ्या असलेल्या मला म्हणाला, "लोटाभर ताक मिळेल का? आंबट असलं तर बरं. आणि मीठ नका घालू."

मला वाटलं, प्यायला मागतोय. मी आत गेले, आईला सांगितलं. आई म्हणाली, मीठ नको म्हणजे काय, अजून आपल्या घरचं काही त्याच्या पोटात गेलेलं नाही. मी चांगलं चमचाभर मीठ घातलं आणि लोटा नेऊन दिला. त्याने तो सरळ इंजिनात ओतला. वाटीत ओतावं तसा पिस्टनवर, काठोकाठ. मी पाहतच राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, आंबट ताक गंज खातं.

आता मीठ लोखंडाला काय करतं ते पावसाळ्यात मिठाच्या डब्याचं झाकण पाहिलेल्या कुठल्याही मुलीला ठाऊक असतं. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी तो अप्पांसमोर मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, माझा अंदाज चुकला, अजून चार दिवस लागतील. अप्पा त्याला नाही नाही ते बोलले. त्याला, त्याच्या देवासला, त्याच्या लोहार आजोबा-पणजोबांना. मी खिडकीशी उभी राहून सगळं ऐकलं आणि तरी गप्प राहिले. माझ्या चमचाभर मिठापायी एक परका माणूस शिव्या खातोय, हे मला कळत होतं, आणि माझी लाज मला जास्त प्यारी होती.

तो रोज देवासहून पहिल्या बसने यायचा. मी आईची नजर चुकवून रोज त्याला बिनमिठाचं ताक नेऊन द्यायचे, प्रायश्चित्त म्हणून. पाचव्या दिवशी मोटरसायकल चालू झाली. मधल्या दिवसांत काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. वर्षभराने आमचं लग्न झालं आणि त्यानंतर अप्पा दीड वर्ष माझ्याशी बोलले नाहीत, एवढं पुरे आहे. पण मिठाचं मी ह्यांना कधीच सांगितलं नाही. संसारात मी ह्यांच्याशी कशावरूनही भांडले, मीठ जास्त झाल्यावरूनसुद्धा, पण ते एक मीठ मी पोटात ठेवलं.

तर परवा शुक्रवारी मी स्वयंपाकघरात लोटा हातात घेऊन उभी होते. इंजिनाला हवं असेल तर मीठ नको. ह्यांना प्यायला हवं असेल आणि ते विसरले असतील की प्यायलाच मागितलं, तर अळणी ताक हे तोंडातून परत काढतील. इंजिनाला म्हणावं, तर अप्पांचं विचारलेलं कानात वाजत होतं. प्यायला म्हणावं, तर कंडे आणि मुसळ कुठे बसवू? मी मनाशी म्हटलं, हे सगळं मागचंच आठवून बोलताहेत, त्यांना ना ताक हवंय ना कंडे. निदान लोटा हातात दिला तर पितील, पोटात तरी जाईल. मीठ घातलं. चिमटीभर जिरंही घातलं. आणि लोटा नेऊन दिला.

ह्यांनी तो सरळ इंजिनात ओतला.

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. तोंड उघड, मी स्वतःला म्हणाले, बाई, आता साठीला आलीस, आता तरी उघड. नाही उघडलं. पिस्टनवर ताक पसरलं, वर जिरं तरंगत होतं. ह्यांनी जिऱ्याकडे पाहिलं, वर ताटली झाकली आणि म्हणाले, उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांनी तीच चूक, त्याच इंजिनात, त्याच हाताने. आमच्या दोघांतलं डोकं नक्की कोणाचं चळलंय, असा प्रश्न पडावा अशी माझी गत झाली होती.

शनिवारी सकाळी ह्यांनी ताटली उचलली. ताक फाटलं होतं, खालचं पाणी काळपट तांबूस झालं होतं. ह्यांनी त्यात बोट बुडवलं आणि मी अहो, अहो म्हणेपर्यंत जिभेला लावलं. मग वर मान करून माझ्याकडे पाहिलं.

"मीठ घातलंत तुम्ही यात," ते म्हणाले.

ह्यांनी मला तुम्ही म्हटलं ते आयुष्यात त्याच पाच दिवसांत. लग्नानंतर एकदाही नाही. समोरचा माणूस माझा नवरा होता आणि त्याच्या दृष्टीने मी त्याची बायको नव्हते. दारात उभी असलेली कोणाची तरी मुलगी होते.

"हो," मी म्हटलं. "घातलं."

सदतीस वर्षांनी तो एक शब्द माझ्या तोंडातून निघाला, आणि ज्याला सांगायचा तो माणूस समोर होता की नव्हता, हेही मला कळत नव्हतं.

"असू द्या," ते म्हणाले. "एका रात्रीच्या मिठानं इंजिनाला काही होत नाही."

मग ते कामाला लागले, आणि मी पाहत राहिले. ताक उपसून टाकलं, आतला भाग कोरडा पुसला. कंडे अंगणात पेटवून निखारे केले, घमेल्यात घेतले आणि इंजिनाखाली सरकवले. तेल-रॉकेलची बाटली मी जवळ आणली तर मला थांबवलं. म्हणाले, आधी शेक, निखारे बाहेर गेल्यावर तेल, उलटं केलंत तर घर पेटेल. हाच माणूस महिन्यापूर्वी रॉकेल पाण्याच्या बाटल्यांत ठेवून आला होता. मी विचारलं, शेक किती वेळ? एक टेकरी, ते म्हणाले. खोलीत घड्याळ नव्हतं; सुरुवातीची वेळ मी आतल्या घड्याळात पाहून ठेवली होती. ह्यांनी निखारे काढायला सांगितले तेव्हा मी आत जाऊन पाहिलं. एक तास सोळा मिनिटं झाली होती.

निखारे अंगणात नेऊन मी पाणी ओतून विझवले. मग ह्यांनी कडेने तेल सोडलं, पिस्टनच्या माथ्यावर मुसळ उभं धरलं आणि वरून हातोडी मारली. हलके. लोखंडाला लोखंडाने मारायचं नाही, लाकडाने समजवायचं, हे ह्यांचं जुनं वाक्य, आणि ते आजही त्यांनी म्हटलं. सहा-सात ठोके एकसारखे वाजले. पुढचा वेगळा वाजला, बसका. पिस्टन अर्ध्या बोटाएवढा खाली गेला होता. ह्यांनी किक हाताने धरून हळूच फिरवली आणि तो कुरकुरत वर आला.

सुटलं. माझ्या स्प्रेने, ताकाने, मिठाने, शेकाने की मुसळाने, ते देव जाणे. मी तोंडावर हात धरला. सुटलं, म्हणजे आम्ही पुढच्या दिवाळीपर्यंत इथेच.

ह्यांनी मात्र मागच्या दाराकडे पाहिलं, आत कोणी ऐकत नाही ना हे बघतात तसं, आणि आवाज अगदी खाली आणला.

"अप्पांना सांगू नका सुटलं म्हणून. मी म्हणतो, माझा अंदाज चुकला, अजून चार दिवस लागतील. तुमच्या मिठाचं नाव नाही काढणार मी."

मला आधी काही उमजलंच नाही. मग उमजलं. म्हणजे मीठ ह्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि इंजिनही तेव्हाच सुटलं होतं, दुसऱ्याच दिवशी सकाळी. माझ्या मिठाने काही बिघडलं नव्हतं, काहीच अडलं नव्हतं. सुटलेलं इंजिन पुढ्यात ठेवून हा माणूस चार दिवस रोज बसने देवासहून येत होता, आणि त्यासाठी माझ्या बापाच्या शिव्या खाली मान घालून खात होता. आणि मी सदतीस वर्षं तो गुन्हा माझा समजून वाहत आले. मला इतका राग आला की हातातलं फडकं त्यांच्या अंगावर फेकावं. हसूही आलं. मग रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना.

"चार दिवस कशाला?" मी विचारलं. मला ठाऊक होतं. तरी ऐकायचं होतं.

ते ओशाळले. साठीच्या वरचा माणूस, पांढऱ्या दाढीचे खुंट, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नटांचा पेपर उगीचच सारखा करत म्हणाले, "उद्या असाल ना तुम्ही घरी? मी पहिल्या बसने येतो."

"असेन," मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून मुलगा. पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता, बाहेर कुठेतरी असावा. त्याने इकडचं-तिकडचं काही विचारलं नाही. "आई, सुटलं का इंजिन? खरं सांग."

खरं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर करार मी हरले, सामान बांधायचं. सुटलं म्हणावं, तर पुढचं विचारेल, मग बाबा ठीक आहेत ना, आणि त्याला मी काय सांगू? की इंजिनाचं सगळं ओळखतात आणि मला ओळखत नाहीत? की मला इतकं ओळखतात, जितकं मीही स्वतःला कधी ओळखलं नव्हतं? घड्याळ म्हणून शून्य. ह्यांनी मुसळाचा दांडा जपून टेकवून पिस्टन पुन्हा होता तिथे खाली ढकलला, वर फडकं झाकलं आणि माझ्याकडे बघून, बोलू नका, अशी मान हलवली.

"नाही रे," मी मुलाला म्हटलं. "अजून चार दिवस लागतील."